नलूच्या कार्डावर

रविवारी सकाळी टिकारामच्या क्वार्टरच्या ओसरीत पाच-सहा जण जमले, तशी सत्यशीला वही-पेन घेऊन दारात येऊन बसली. नागपूरच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली बाई क्वार्टरांच्या त्या सगळ्या लायनीत तेवढी एकच. त्यामुळे कामगार कमिटीचा कुठलाही अर्ज तिच्याच अक्षरात जायचा. आजचा अर्ज मोठ्या साहेबाला द्यायचा होता. ठेकेदाराकडे कामाला असलेल्या मजुरांच्या बायकापोरांनाही लोखंडाच्या कारखान्याच्या दवाखान्यात औषधपाणी मिळावं, असं कमिटीचे म्हातारे पुढारी भय्याजी म्हणत होते.

"औषध मिळावं, कबूल," एक जण म्हणाला. "पर पैसा कोन देईन?"

"कारखाना देईन. लोखंड कोनाचं निंगून राहिलं?"

"कारखाना कावून देईन जी? मजूर ठेकेदाराचा. ठेकेदारानं द्यावा."

"ठेकेदार!" भय्याजी हसले. "तो मेलेल्याची हजेरी कापते, अन् तुमी त्याले दवाखाना मागून राहिले."

"मंग त्यायच्याच मजुरीतून थोडं-थोडं कापा."

"मजुरीतून कापा म्हन्तो! पाह्यली का कधी त्यायची मजुरी? कापाले बुड तं पाहिजे ना बापा."

इतका वेळ गप्प बसलेला टिकाराम एकदम उसळला. "भय्याजी, तुमी रागावू नका. पर आताच दवाखान्यात दोन घंटे लाइन लागते. उद्या ठेक्यावाल्यायचं अख्खं खुर्सीपार आलं तं आपल्या पोट्ट्यायले खाट भेटन का? मी नोकरीले लागलो तेव्हा चार साल मलेबी कोनी गोळी देल्ली नाई."

"म्हनून त्यायलेबी देऊ नये?"

"मी तसं नाई म्हनलं. मी म्हन्तो, आदी आपलं पाहा."

सत्यशीलेचं पेन 'तरी साहेबांनी' या शब्दांपाशी थांबलं होतं. नवऱ्याचं बोलणं तिला पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात पटलंही. आपल्या चार वर्षांच्या नलूला ताप चढला, की त्या लाइनीत उभं राहून प्रत्येक पुढच्या बाईचा तिला राग यायचा.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

दारात रुक्मा उभी होती. फकिराची बायको. फकिरा टिकारामच्याच गावचा, भंडाऱ्याकडचा. नागपूरला दीक्षा घ्यायला दोघं एकाच बैलबंडीतून गेले होते. पण टिकाराम कायम नोकरीत लागला, आणि फकिरा ठेकेदाराकडे पाया खणायच्या कामावर राहिला. रुक्मा तिथंच विटा वाहायची. खुर्सीपारला त्यांची झोपडी होती. आज तिच्या खांद्यावर रंभा होती, नलूहून दोन महिन्यांनी लहान. एरवी या घरात आली की आधी गुळाचा डबा शोधणारी. आज तिनं डोळेही उघडले नाहीत.

"वहिनी, दोन दिवस झाले. पानी गिळत नाई," रुक्मा म्हणाली. "गळा दुखते म्हन्ते. नाकातून बोलून राहिली."

सत्यशीलेनं कपाळाला हात लावला. ताप फार नव्हता, पण तोंडाला कसलासा आंबूस, कुजका वास येत होता.

ती वळली तर टिकाराम स्वयंपाकघरात आलेला. आत्ता ओसरीत तावातावानं बोललेला माणूस. रंभाकडे त्यानं एकदा पाहिलं, खिळ्याला टांगलेलं मेडिकल कार्ड काढलं आणि बायकोच्या हातात दिलं.

"नलूचंच नाव सांगजो," तो हळूच म्हणाला. "वय सारखंच हाय. कोनी पाहत नाई."

आणि पुन्हा ओसरीत जाऊन बसला.

ही काही नवी गोष्ट नव्हती. लायनीतल्या घरोघरी हे चाले. गावाकडचं कोणी ठेक्यावर असलं, की आपल्या पोराच्या नावावर त्याच्या पोराला खोकल्याचं औषध आणायचं, खरजेचं मलम आणायचं. कार्ड फक्त कायम नोकराला मिळे. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, झालेलं दुखणं, टोचलेली लस, सगळं त्यात लिहिलेलं. सत्यशीलेनं आपलं कार्ड खाकी कागदाचं वेष्टन घालून जपलं होतं. नलूला टोचलेल्या तिन्ही इंजेक्शनांच्या तारखा तिला तोंडपाठ होत्या.

वाटेत रुक्मा लेकीच्या कानाशी सांगत होती, "कोनी नाव इचारलं तं नलू म्हनजो. काय म्हनशीन?"

"पर मी तं रंभा हावो," पोरगी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"आजच्या दिवस नलू. मंग तुले वहिनी गूळ देईन."

दवाखान्यात कार्डवाली आई म्हणून सत्यशीला आत गेली, रंभाला कडेवर घेऊन. रुक्मा बाहेर बाकावर. टेबलामागे तरुण डॉक्टर, आणि शेजारी रजिस्टर उघडून बसलेला कंपाउंडर ओमप्रकाश. त्या ओमप्रकाशची नजर मोठी तिखट. तो एकदा कार्डाकडे आणि एकदा पोरीच्या फाटक्या झग्याकडे पाहत होता.

डॉक्टरांनी चमच्यानं जीभ दाबली, टॉर्च मारला. वेळ लागला. त्यांनी भुवया जवळ आणल्या.

"सफ़ेदी है गले में," ते म्हणाले, आणि कार्डातलं लशींचं पान उघडलं. "टीके... तीनों लगे हैं. अच्छा है. नहीं तो मैं दूसरी बात सोचता." त्यांनी वर पाहिलं. "तीनों लगे हैं न, माँजी?"

हा प्रश्न सत्यशीला पुढं जन्मभर ऐकणार होती. त्या क्षणी मात्र तो साधाच वाटला. दुसरी बात म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. नलूला टोचलं तेव्हा भिंतीवरचं पत्रक तिनं दोनदा वाचलं होतं, त्या लशीनं टळणाऱ्या दुखण्यांत घटसर्प पहिला होता. या पोरीला देवीच्या लशीखेरीज काही टोचलेलं नाही, हेही ठाऊक होतं. पण ओमप्रकाशनं पेन उचललं होतं. टिकारामची नोकरी, क्वार्टर, खिळ्यावरचं कार्ड, सगळं त्या पेनाच्या टोकाशी लोंबत होतं. आणि डॉक्टर शिकलेला माणूस, तो बघेलच की.

"जी," ती म्हणाली.

"टॉन्सिल है. पेनिसिलिन दे देते हैं. कल फिर लाइए."

सोमवारी पुन्हा इंजेक्शन. पोरगी त्या दिवशी रडलीसुद्धा नाही. रुक्माला वाटलं, आराम पडला. सत्यशीलेला तसं वाटलं नाही. घरी येऊन तिनं नलूला उजेडात उभं केलं आणि चमच्यानं तिचा घसा पाहिला. तासाभरानं पुन्हा पाहिला. चौथ्या वेळी नलू ओकली.

"काय करून राहिली तू तिले?" टिकाराम ओरडला.

"डॉक्टरांना सांगते," ती म्हणाली. "खरं काय ते सांगते."

"आज आराम पडला म्हन्ते ना फकिरा? मंग? उद्याचा दिवस पाय."

तिनं उद्याचा दिवस पाहिला.

मंगळवारी सकाळी रंभाची मान सुजून हनुवटीच्या बरोबरीला आली होती. घशात राखाडी पापुद्रा धरला होता. डॉक्टरांनी तो पाहिला आणि कोणालाही काही न विचारता, घटसर्पावरचं सीरम धावत जाऊन आणायला सांगितलं. पोरीला वेगळ्या खोलीत ठेवलं. संसर्गाचं दुखणं, जवळ एकच माणूस राहील, असं नर्स म्हणाली.

"सिस्टर, मौसी को भी रहने दीजिए," सत्यशीला म्हणाली. "बच्ची उससे बहुत हिली हुई है."

"सिर्फ़ माँ."

म्हणून सत्यशीला आत बसली आणि रुक्मा व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून. जाणारा-येणारा कोणी विचारी, "तुम्हारी कौन?" रुक्मा पढवल्यासारखी म्हणे, "मावशी." दाराला वरती काच होती. रुक्माची उंची कमी. ती टाचा वर करून पाही, थकली की खाली बसे, आणि पुन्हा उठे.

नर्स येऊन "नलू, ए नलू" म्हणून हाक मारी, तेव्हा रंभा डोळे उघडत नसे. "होश कम है," नर्स कागदावर लिहून घेई. सत्यशीला कानाशी वाकून "रंभे" म्हणाली की पापणी हलायची.

बुधवारी दुपारी पोरगी एकदम शुद्धीवर आली. श्वास करवतीसारखा वाजत होता. तिनं हात पुढं केला.

"माय."

"हो बाळा," सत्यशीलेनं हात धरला.

रंभानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि हात सोडवून घेतला. "तू नाई," म्हणाली.

सत्यशीला उठली. आता जे व्हायचं ते होवो, म्हणून दाराकडे धावली, कडी काढली, "रुक्मा, ये" म्हणाली. रुक्मा आत आली तेव्हा नर्स पलंगाशी वाकलेली होती, आणि करवतीचा आवाज थांबला होता.

रुक्मानं तोंडात पदर कोंबला. तीन दिवसांचं पढवणं तिनं त्या घटकेलाही मोडलं नाही. उलट नर्सच सत्यशीलेला धरून म्हणत होती, "रो लीजिए माँजी, रो लीजिए."

माती द्यायच्या परवानगीचा कागद मिळाला, त्यावर नाव होतं नलू, बापाचं नाव टिकाराम. फकिरानं पोरगी आपल्या हातानं पुरली, पण स्मशानाच्या चौकीदारापुढं तो बापाचा मित्र होता. घरच्या कार्डावर नलूच्या नावावरून लाल शाईची रेघ गेली होती. शिकलेली असूनही सत्यशीलेला त्या रेघेकडं बघवेना. अंगणात नलू चिंचोके मांडून खेळत होती, आणि ती दर थोड्या वेळानं हाक मारून तिला "ओ" द्यायला लावत होती.

"सहा महिन्यानं नवीन नाव टाकू," टिकाराम म्हणाला. "शाळेत घालाच्या आदी पोट्टीचं नाव बदलून टाकू. काय फरक पडते?"

गुरुवारी रुक्मा आली. मागच्या दारातच बसली. चहा घेतला नाही.

"वहिनी, एक मांगू?"

"माग ना."

"तिले नलू म्हनून मातीत घातलं. मी सकाळी थितं गेलो, तं कोन्या नावानं रडू ते समजेना. कुटंतरी तिचं नाव लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

सत्यशीला काही बोलणार, तोच ओसरीत भय्याजी आले. बातमी सांगायलाच आले होते. उद्या मरोद्याच्या शाळेत, मग खुर्सीपारला, पोरांना घटसर्पाची लस टोचायचं ठरलं होतं, कार्ड असो-नसो, सगळ्यांना. ते डॉक्टरांनी थांबवलं होतं. "आपल्या नलूले तिन्ही सुया लागल्या होत्या, तरी... म्हनून डॉक्टर म्हन्ते, लशीचा मालच खराब असन. तपासाले कलकत्त्याले पाठवतो म्हन्ते. दोन महिने तरी जाईन." एवढं बोलून त्यांचं लक्ष अंगणात गेलं. चिंचोके मोजणाऱ्या नलूकडं ते पाहतच राहिले.

भय्याजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माल चांगला आहे," सत्यशीला म्हणाली.

"सत्यशीला," टिकाराम म्हणाला.

"अजून किती पोरं आहेत खुर्सीपारला? तुम्हीच सांगा."

त्यानं मान फिरवली. मग खिळ्यावरचं कार्ड स्वतःच काढून तिच्यापुढं धरलं, रविवारी धरलं होतं तसंच.

रुक्माला घेऊन दवाखान्यात जाऊन तिनं सगळं सांगितलं. ओमप्रकाश समोर असतानाच सांगितलं. डॉक्टरांनी कार्डातल्या लशींच्या पानावर बोट ठेवलं.

"उस दिन बोल देतीं," ते म्हणाले, "तो उसी वक़्त सीरम लगाता."

"कार्ड नव्हतं, साहेब," ती मराठीतच बोलून गेली.

"छूत की बीमारी में मैं कार्ड नहीं देखता. किसी का नहीं देखा आज तक."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. रुक्मा दारात उभी होती. हिंदी तिला कळत होतं.

"यह बात आप लोगों को किसी ने बताई ही नहीं," डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, ते कोणाला म्हणाले कोण जाणे. मग त्यांनी ओमप्रकाशला रजिस्टर उघडायला लावलं. "मरोदा का टीका कल होगा. और बुधवार की एंट्री काटो. नई लिखो."

"नाम?"

"रंभा," सत्यशीला म्हणाली. "बापाचं नाव फकिरा."

"टोकन नंबर?"

"नाही. ठेक्यावर आहेत."

ओमप्रकाशचं पेन अडलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला खरोखरच कळेना. "साहब, तीन दिन की दवा, सीरम, खटिया... यह खर्चा किसके नाम लिखूँ?"

रविवारी ओसरीतही गाडी याच प्रश्नावर अडली होती.

"वह ख़ाना छोड़ दो," खर्चाचा रकाना दाखवून डॉक्टर म्हणाले.

ओमप्रकाशनं रजिस्टर दाराकडं फिरवलं, शाईचा पॅड पुढं केला. "अँगूठा लगेगा. आप बच्ची की कौन?"

रुक्मा पुढं आली. अंगठा शाईत बुडवला.

"मावशी," ती म्हणाली.

म्हणाली, आणि तशीच उभी राहिली. अंगठा कागदाच्या वर, शाईनं काळा. मग तिचं तोंड वाकडं झालं, आणि कालपासून पदरात कोंबलेला तो आवाज दवाखान्याच्या त्या खोलीत असा फुटला, की बाहेर लाइनीत उभ्या असलेल्या बायकांनी आपापली पोरं उचलून घेतली.

"माय हावो जी," ती म्हणत होती. "लिवा ना. माय हावो मी तिची."