जुन्या सिस्टीमचा फोल्डर

पाणीपुरवठा कार्यालयातल्या ऑपरेटर बाईंच्या कॉम्प्युटरवर सोमवारी नवी सिस्टीम बसली आणि मंगळवारी मशीनने मान टाकली. डिस्क भरली होती. बाईंनी शोध घेतला, तर जुन्या सिस्टीमच्या उरल्यासुरल्या फायलींचा एक भलामोठा फोल्डर जागा अडवून बसला होता. सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करायची, एक बटण दाबायचं, की पाच मिनिटांत साफ. पण बाईंची नोकरी अठरा वर्षांची होती. इथे विचारल्याशिवाय काही करायचं नसतं, हे त्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या.

"पुसू का, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "जुनं आहे ना? मग ते रेकॉर्ड झालं. गठ्ठेकाकांचं मत घ्या. लेखी."

गठ्ठेकाका म्हणजे रेकॉर्ड सांभाळणारे. कागद दिसला की फडक्यात बांधायचा, एवढं एकच काम त्यांनी आयुष्यभर मन लावून केलं होतं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"नष्ट करायच्या कागदांची यादी लागते. एकेका नावाची."

"काका, एक लाखाच्या वर फायली आहेत."

"मग छापायला घ्या लवकर."

बाईंनी दुसऱ्या टेबलावरच्या, नुसत्या छपाईसाठी ठेवलेल्या मशीनवरून छपाई लावली. दोन दिवस प्रिंटर धापा टाकत होता. काका एकेका नावावर बोट ठेवत बसले.

"ही कसली फाईल?"

"जुन्या सिस्टीमला मदत करणारी."

"आता कोणाला मदत करते?"

"कोणालाच नाही. नुसती बसून आहे."

काकांनी मान वर केली. "बाई, तेवढ्यावरून कोणाला काढायचं ठरलं, तर या इमारतीत पंखे तेवढे उरतील."

एवढ्यात खिडकीशी एक आजी आल्या. तीन दिवस नळाला थेंब नव्हता.

"तक्रार घ्या."

"मशीनमध्ये जागा नाही, आजी."

"मग वहीत लिहा."

"वह्या बंद केल्या. सगळं कॉम्प्युटरवर झालंय."

आजी बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे पूर्वी पाणी येत नव्हतं तर निदान लिहून तरी घ्यायचे," असं म्हणून निघून गेल्या. बाईंना ते लागलं. त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर आजींचा पत्ता लिहिला आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः फिटरला नेऊन दिला. तो संध्याकाळीच जाऊन नळ सुरू करून आला.

यादी पाचव्या दिवशी साहेबांकडे गेली. साहेबांनी समिती नेमली. समितीची पहिली बैठक अध्यक्ष कोण यावर संपली, दुसरी झालीच नाही.

अकराव्या दिवशी सकाळी बाईंनी मशीन सुरू केलं आणि ते सुरळीत चालू लागलं. फोल्डर गायब. बाईंनी घाईघाईने सेटिंगमधली माहिती उघडली. नीट वाचलं तेव्हा कळलं, दहा दिवस कोणी हात लावला नाही की नवी सिस्टीम तो फोल्डर आपणहून पुसते.

त्या तशाच गठ्ठेकाकांकडे गेल्या.

"कोणाच्या सहीने?" काकांनी विचारलं.

"कोणाच्याच नाही."

काका खुर्चीत बसले. हळूच म्हणाले, "काही अडलं का?"

"नाही. उलट जरा जोरात चालतंय."

साहेबांनी मात्र वेळ दवडला नाही. दुपारपर्यंत वरिष्ठांना पत्र गेलं, समितीच्या अथक परिश्रमांनी सफाई मोहीम यशस्वी झाल्याचं. आठवड्याने अभिनंदनाचं उत्तर आलं. त्यात बाईंचं नाव नव्हतं. त्यांना तशी अपेक्षाही नव्हती. त्या दिवशी त्यांनी सत्तावीस तक्रारी नोंदवल्या होत्या.

घरी निघताना त्यांना रेकॉर्डच्या खोलीत दिवा दिसला. काकांनी सगळ्यात जुनं कपाट उघडलं होतं. मांडीवर एक गठ्ठा, फडक्याची गाठ सोडलेली. आतले कागद पिवळे पडून एकमेकांना चिकटले होते.

"वा, काका. सफाईला सुरुवात केलीत म्हणायची."

"छे हो," काका गाठ परत बांधत म्हणाले. "आत आहे तरी काय, ते पहिल्यांदाच बघतोय."