आधी कुणाला उचललं

गिरणीच्या पाळणाघरात महादेवी सहा वर्षं कामाला होती. पोरांच्या आया तिकडं खात्यात मशीनवर सूत गुंडाळायच्या आणि त्यांची तान्ही इकडं हिच्या हवाली. पोरांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक आई आपल्या मशीनवरच्या रंगीत सुताचा दोरा बाळाच्या पायात बांधून ठेवायची. महादेवीला दोऱ्याची गरज नव्हती, ती नुसत्या रडण्यावरून पोर ओळखायची. लग्नाला नऊ वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती, तेव्हा बायका म्हणायच्या, देवानं हिला आपलं दिलं नाही ते आमच्या पोरांसाठीच. म्हणणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. ऐकणारी मात्र घरी जाऊन रडायची.

आणि मग चौऱ्याहत्तर साली, सगळ्यांनी आशा सोडून दिल्यावर, तिला निलव्वा झाली.

बाळंतपणाची रजा संपत आली तसा घराला घोर लागला. नवरा सोमलिंग अक्कलकोट रोडला यंत्रमागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. सासू सिद्धम्मा जिवाला जीव देणारी, पण अर्धांगवायूनं तिचं उजवं अंग गेलेलं. तिच्या मांडीवर पोर दिली की दोघींना सांभाळायला तिसरी लागायची. माहेरी आई नव्हती. शेजारणी सकाळी वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेल्या की दुपारशिवाय परतत नसत.

पाळणाघर तर डोळ्यांसमोर होतं. पण ते खात्यात काम करणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी, आणि पोरं सांभाळणारी बाई कुठल्याच खात्यात धरलेली नव्हती. जिच्या जिवावर पाळणाघर चाललं होतं, तिच्याच पोरीला तिथं जागा नाही. असले नियम करणाऱ्यांना आईनं नव्हे, टाइपरायटरनं जन्म दिलेला असावा.

वेल्फेअरचे साहेब मात्र माणूस बरा. म्हणाले, "आणा बाळाला. फक्त बायकांची हरकत नको."

हरकत निघालीच. दुपारी पोरांना पाजायला आलेल्या बायकांत वच्छला म्हणाली, "आपला तो बाब्या आन् दुसऱ्याचं ते कार्टं. जगाची रीतच हाय ती. उद्या आमची पोरं रडत पडतील की."

महादेवीच्या वतीनं बोलली ती गुरम्मा. तिचा सिद्धाराम नऊ महिन्यांचा होता. "सा वर्सं अक्कानं आपल्या पोरांचं गू-मूत काढलं, तवा कुणाला रीत आठवली न्हाय," ती म्हणाली. "माजा इश्वास हाय तिच्यावर. कुणाचा नसंल तर त्यानं आपलं पोर घरी ठेवावं."

घरी कुणाला ठेवता येत होतं? सगळ्या आपापल्या पोराला पाजायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी महादेवीनं निलव्वाच्या पायातही दोरा बांधला, खाली पडलेल्या रद्दी सुताचा. आपली पोर या पोरांतली एक, असं तिनं स्वतःला बजावलं आणि ते मनापासून पाळलंही. निलव्वा सगळ्यांच्या शेवटी प्यायची, सगळ्यांच्या शेवटी झोळीत जायची. वच्छलासुद्धा एकदा म्हणाली, "अगं, जरा तिलाबी घे की."

हे दोन महिने चाललं.

त्या दिवशी पाळणे भरलेले होते, म्हणून सिद्धाराम आणि निलव्वा एकाच गोधडीवर निजले होते. सिद्धाराम स्टोच्या बाजूला, निलव्वा भिंतीकडं. महादेवीनं उकळतं दूध उतरवायला घेतलं आणि सांडशी निसटली. पातेलं कलंडलं. दूध फरशीवरून वाफाळत गोधडीकडं धावलं.

ती झेपावली. मूल उचलून उंबऱ्यापर्यंत आली, तेव्हा तिनं हातात बघितलं. हातात निलव्वा होती. पुढ्यातल्या सिद्धारामाला ओलांडून ती भिंतीपर्यंत गेली होती.

मागं किंकाळी फुटली. ती परत धावली, त्याला उचललं, तिची स्वतःची पावलंही पोळली. पण त्याची टाच आणि पोटरी दुधात बुडाली होती.

गिरणीच्या दवाखान्यात मलमपट्टी झाली. तिचे भाजलेले पाय बघून बायका हळहळल्या. साहेब म्हणाले, "तुम्ही होता म्हणून थोडक्यात निभावलं." गुरम्मा काही बोलली नाही, पोराला छातीशी धरून बसून राहिली. विचारणारं कुणी नव्हतं आणि पाहणारंही कुणी नव्हतं. महादेवीनं तोंड मिटून घेतलं असतं तर नोकरी म्हातारपणापर्यंत टिकली असती.

पण त्या दिवसापासून ती स्वतःच्या हातांना भ्यायली. सगळे नियम मनानं पाळले होते, हातांनी एकही ऐकला नव्हता. पोर घरी ठेवायची सोय नाही, आणि पोर इथं असेल तोवर हे हात दुसऱ्या कुणाचे नाहीत. नोकरी सोडण्याखेरीज तिला तिसरी वाट दिसेना.

कारकुनाकडून तिनं राजीनामा लिहून घेतला. 'घरगुती अडचणीमुळे.' साहेबांनी दोनदा समजावलं. घरी सोमलिंग म्हणाला, "माजं काम आज हाय, उद्या न्हाय. खायचं काय?"

"विड्या वळीन," ती म्हणाली.

तंबाखूची पूड तान्ह्या पोरांच्या छातीत बसते हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, सोमलिंगलाही. तो कूस बदलून झोपला.

तिच्या जागी मुक्ताबाई आली. विधवा, मूलबाळ नसलेली, म्हणूनच ऑफिसनं निवडलेली. बाई वाईट नव्हती, पण पोर कलिंगडासारखं दोन्ही हातांनी लांब धरायची. महादेवीनं तिला आठवडाभर सगळं सांगितलं. हा पालथा घातला की झोपतो. हिला कुशीवर ठेवा, नाहीतर दूध काढते. सिद्धारामापाशी आल्यावर म्हणाली, "ह्याच्यासमोर पातेलं नेऊ नगा. भितो."

शेवटच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बायकांनी खण-नारळानं तिची ओटी भरली. वच्छला रडली. सगळ्यात मागं गुरम्मा आली, काखेत सिद्धाराम. महादेवीला राहवेना. बाकीच्या दाराकडं गेल्यावर ती हळूच म्हणाली, "गुरम्मा, त्या दिवशी मी आधी..."

"ठाव हाय मला," गुरम्मा म्हणाली. "भिंतीकडची पोर कोरडी निगाली, आन् अलीकडचं भाजलं. त्यात इचारायचं काय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुला काढली असती. आन् मंग मी ह्याला कुणाकडं ठिवू?"

महादेवीला वाटलं होतं, गुरम्मा शिव्या देईल, किंवा माफ करील. दोन्हीची तयारी तिनं करून ठेवली होती.

"नगं जाऊ, अक्का," गुरम्मा म्हणाली. "दुसरा नंबर तर दुसरा नंबर. हितं पयलं धरणारं कोन हाय त्याला? मी तिकडं मशीनवर."

महादेवीनं निलव्वाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

भोंगा झाला. गुरम्मानं लेकराला मुक्ताबाईच्या हातात दिलं आणि मागं न बघता खात्याकडं गेली. सिद्धाराम लांब धरलेल्या हातांत वळवळला, रडायला लागला, आणि ओळखीचं तोंड बघून त्यानं महादेवीकडं दोन्ही हात केले. तिच्या कडेवर निलव्वा होती, ओटीत नारळ होता. तिला हात पुढं करता आले नाहीत.