वरची बाजू ही

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, मित्रांनो, आणि चालताना डावीकडे ओढते. हे सुरुवातीलाच सांगते, कारण मला पाहणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो. मी जन्मापासून अशी नव्हते. माझं असं झालं ते माणसांमुळे, आणि त्यांतल्या एकाच्याही मनात वाईट नव्हतं. पण तेवढ्याने माझा राग कमी होत नाही. तो कुणावर काढावा, एवढंच कळेनासं होतं.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराने आधी धाकटीची मापं घेतली. मांडीची लांबी, पाठीची उंची, हात खाली सोडल्यावर बोटं कुठवर पोचतात, सगळं त्याने वहीत उतरवलं. धाकटी म्हणजे या घरातली लहान मुलगी. तिशी उलटली तरी घरात तिला दुसरं नाव नाही. लहानपणीच्या आजारात तिच्या पायांतलं बळ गेलं, पण हात असे तयार झाले की पिठाचा डबा ती एका हाताने उचलते.

"मागे ढकलायच्या मुठी बसवू ना?" कारागिराने तिच्या बाबांना विचारलं.

"अहो, बसायचंय मला. मला विचारा की," ती म्हणाली. "मुठी नकोत. मला कुणी ढकलायचं नाहीये."

म्हणून मला मुठी नाहीत. त्याचा मला भारी तोरा होता.

सहा वर्षं आम्ही दोघींनी मिळून गणिताची शिकवणी घेतली. पुढच्या खोलीत फळा होता. मुलांनी चुकीचं उत्तर दिलं की धाकटी माझी दोन्ही चाकं उलटसुलट फिरवून जागच्या जागी गर्रकन वळायची. पोरं घाईने वहीतलं उत्तर खोडायची. माझ्या चाकांना तेल कुणी घालायचं यावरून त्यांची भांडणं लागायची. इतके लाड झाल्यावर कुणालाही वाटतं की आता आपल्याला कोण हात लावणार!

मग ते पत्र आलं. दूरच्या एका निवासी शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा होती आणि राहायला तळमजल्यावर दोन खोल्या मिळणार होत्या. लेखी परीक्षेत धाकटी पहिली आली होती. आता फक्त मुलाखत राहिली होती. पत्रात शेवटी लिहिलं होतं, 'एका वर्गातून दुसऱ्या वर्गात आपल्याला स्वतः जाता येते का, एवढे पाहायचे आहे.'

"एवढंच ना?" म्हणत तिने माझ्या चाकावर थाप मारली.

विमानाने जायचं ठरलं. ती कच्च्या गुरूची चेली नव्हे. तिने विमान कंपनीला दोनदा फोन केला. माझे चारही बाजूंनी फोटो काढले. एका जाड कार्डावर ठळक अक्षरांत सूचना लिहिल्या, 'चाकाच्या मधलं बटण दाबा, चाक निघतं. पाठ पुढे दुमडा. वर ओझं ठेवू नका.' खाली आणखी एक ओळ होती, ती शेवटी सांगते. कार्ड माझ्या पाठीला बांधलं. विमानाच्या दारापर्यंत ती माझ्यावरच बसून जाणार होती. तिथे स्वतः माझी चाकं काढून देणार होती आणि उतरल्यावर दारातच मला परत घेणार होती.

पण बाबा विमानतळावर निरोप द्यायला आले ते पिशवी घेऊन. बाबांनी चाळीस वर्षं काचसामानाच्या दुकानात माल बांधण्याचं काम केलं. पिशवीत हवेच्या बारीक फुग्यांचं प्लास्टिक, स्पंजच्या पट्ट्या आणि चिकटपट्टीची चार रिळं होती.

"बाबा, मोकळीच राहू द्या तिला. मी दारापर्यंत तिच्यावरूनच जाणार आहे."

"तू गप्प बस गं. चाळीस वर्षांत माझ्या हातचा एक कप फुटला नाही."

काउंटरवरच्या मुलीने बाबांकडे पाहिलं. "काका म्हणतात ते बरोबर आहे. इथेच द्या, म्हणजे काळजी नाही."

धाकटीने तोंड उघडलं, पण बाबांचे डोळे भरले होते. लेक पहिल्यांदा एकटी निघाली होती. ती विमानतळाच्या खुर्चीत सरकली आणि मला त्यांच्या हवाली केलं. मी तिला अजून माफ केलेलं नाही, आणि त्यांनाही.

त्यांनी मला इतकं झकास बांधलं की माझी चाकं दिसेनात, कार्ड दिसेना, मी खुर्ची आहे हेही कळेना. बटणाचं त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांनी विचारलंही नाही, म्हणून चाकं तशीच राहिली. वर त्यांनी जाड अक्षरात लिहिलं, 'नाजूक वस्तू. वरची बाजू ही.' आणि बाण काढला.

विमानाच्या पोटात दोन हमाल होते. एकाने मला हलवून पाहिलं.

"काय असेल रे हे?"

"टेबलबिबल असेल. टाक आडवं खाली, पाया होईल चांगला."

मग माझ्यावर बॅगा चढल्या. सातव्या की आठव्या बॅगेला डावं चाक वाकलं आणि त्याच्यासोबत आसही वाकला. आवाज झाला, पण तो प्लास्टिकमध्येच जिरला.

पलीकडे धाकटीचे भाऊजी, म्हणजे तिथेच राहणाऱ्या ताईचे यजमान, न्यायला आले होते. त्यांनी चाकूने प्लास्टिक कापलं. धाकटीने वाकड्या चाकावरून एकदा हात फिरवला. कंपनीच्या माणसाने भाऊजींपुढे कागद धरला. "त्यांना म्हणावं, इथे सही करा."

मुलाखतीला ती उसन्या खुर्चीतून गेली. त्या खुर्चीला मुठी होत्या आणि चाकं एवढीशी, हाताने फिरवता न येणारी. भाऊजींनी ढकलत नेलं. तिथे काय झालं ते तिने ताईच्या घरी परत आल्यावर ताईला सांगितलं, तेव्हा मी त्याच खोलीत भिंतीला टेकून होते.

"भाऊजींना विचारत होते गं, 'या पाणी घेतील का? यांना फळ्यावर लिहिता येतं का?' मी म्हटलं, मला विचारा. तर सगळे कौतुकाने हसले."

पंधरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं. सायकलवाल्याने माझं चाक ठोकून सरळ केलं, आस मात्र पुरता सरळ झाला नाही. आता वळताना धाकटीला जोर लावावा लागतो, आणि फळ्यापाशी ती पूर्वीसारखी वळत नाही.

बाबा अजून म्हणतात, "मी एवढं बांधलं होतं म्हणून निदान एवढ्यावर निभावलं. पुढच्या वेळी दुप्पट बांधू."

"हो बाबा," ती म्हणते. खरं सांगितलं तर म्हातारा खचेल, म्हणून ती बोलत नाही. आणि मला तर तोंडच नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी कधी तुमच्या हाती आली, तर मायेने गुंडाळू नका आणि घाईने उचलूही नका. जिची आहे तिला आधी विचारा.

ते कार्ड आता माझ्या गादीखाली आहे, बाबांच्या दृष्टीस पडू नये म्हणून तिने लपवलेलं. शेवटची ओळ कुणीच वाचली नाही. 'काही कळलं नाही तर मला विचारा. मी वरच, पहिल्या रांगेत बसले आहे.'