जांभळा ठिपका

माझा स्वभाव संशयी आहे. हे रूपालीने, म्हणजे माझ्या बायकोने, सांगायची गरज नाही. तरी ती रोज सांगते. दुधाच्या मापापासून पंपावरच्या डिझेलच्या आकड्यापर्यंत सगळं मी दोनदा बघतो. पिकअप घेतल्यापासून तर विचारूच नका. अंबड तालुक्यातल्या बागांमधून मोसंबी उचलायची आणि जालन्याच्या बाजारात टाकायची, हा माझा धंदा. गाडी थांबली की घर थांबलं. त्यामुळे गाडीवर माझा जीव आणि गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकावर माझा डोळा.

हायवेच्या टपरीवर चार ड्रायव्हर चहाला बसले की विषय एकच. अमक्याचा नवा स्टार्टर गॅरेजवाल्याने काढून घेतला आणि जुना बसवला, तमक्याची बॅटरीच बदलली. ऐकून ऐकून मी एक उपाय धरला. रूपालीची नेलपॉलिशची बाटली घ्यायची, बोनेट उघडायचं आणि बॅटरी, स्टार्टर, डिझेल फिल्टर अशा दहा-बारा वस्तूंवर एकेक बारीक ठिपका द्यायचा, तोही सहज दिसणार नाही असा, मागच्या अंगाला. वस्तू बदलली की ठिपका गायब. हे बरेच जण करतात. मी त्यापुढे जाऊन दर सर्व्हिसिंगला रंग बदलायचो आणि प्रत्येक ठिपक्याचा मोबाइलवर फोटो काढायचो. रूपाली म्हणायची, माझ्या नखांचा एवढा विचार कधी केला नाही.

फेब्रुवारीत, मृग बहाराची मोसंबी भरलेली असताना, गाडी वडीगोद्रीच्या अलीकडे दोन गचके देऊन बंद पडली ती पडलीच. माल दुसऱ्याच्या गाडीत गेला, माझी गाडी ओढून जालन्याच्या शोरूमला नेली. मी निर्धास्त होतो. गाडीला दोन वर्षं झालेली, अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर चाललेली. वॉरंटी तीन वर्षांची.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. वॉरंटीचं काम तिथे अर्पिता मॅडम बघतात. भांडायला आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या टेबलापुढे आणून बसवतात आणि त्या आवाज न चढवता त्याला घरी पाठवतात, असं मी ऐकून होतो. त्यांनी ट्रेमध्ये ठेवलेला माझ्या गाडीचा डिझेल फिल्टर पुढे सरकवला. काळा, चिकट, वर कंपनीचा छाप नाही.

"हा बाहेरचा फिल्टर आहे," त्या म्हणाल्या. "यातून पाणी आणि घाण पुढे गेली. डिझेल पंप गेला, चारही इंजेक्टर गेले. बाहेरच्या पार्टमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही."

"मॅडम, सगळी सर्व्हिसिंग तुमच्याकडं केली. चाळीस हजार किलोमीटरला फिल्टर तुम्हीच बदलला."

"आम्ही कंपनीचा लावला. जॉबकार्डवर तसं आहे. त्यानंतर गाडी आणखी कुठे गेली होती?"

इथे माझी जीभ अडखळली. गाडी सर्जेरावकडे गेली होती.

सर्जेरावचं गॅरेज शहागडला, हायवेला लागून. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. वॉरंटी जाऊ नये म्हणून सर्व्हिसिंग शोरूमला, पण ब्रेक, स्प्रिंगचे पाटे, ग्रीसिंग, वेल्डिंग ही सगळी कामं त्याच्याकडे. एकदा अंतरवाली सराटीजवळ माझा पाटा तुटला तेव्हा हा माणूस भर उन्हात मोटरसायकलवर जॅक बांधून आला होता. दिवाळीच्या आधी माल भरायच्या हौद्याच्या वेल्डिंगसाठी गाडी दोन दिवस त्याच्याकडे उभी होती. दोन दिवस आणि एक रात्र. परत घेताना सणाच्या घाईत मी ठिपके तपासले नव्हते. मॅडमनी प्रश्न विचारला आणि माझ्या डोक्यात नेमकी तीच रात्र आली. मी सर्जेरावचं नाव सांगून टाकलं.

"त्यांनी फिल्टर बदलला असं लिहून आणा," मॅडम म्हणाल्या. "मग नुकसान त्यांच्याकडून मागता येईल. आमच्याकडून नाही."

दुरुस्ती दीड लाखाच्या पुढे जात होती. मी एसटीने शहागड गाठलं. वाटेत माझ्या डोक्याने सर्ज्यावर खटला चालवला आणि शिक्षाही देऊन टाकली. कंपनीचा नवा फिल्टर काढून कुणाला तरी विकला असणार. म्हणूनच वेल्डिंगचे पैसे कमी घेतले. आता कळलं का कमी घेतले ते!

तो एका टेम्पोखाली आडवा होता. मी वाकून विचारलं, "सर्ज्या, दिवाळीत माझा डिझेल फिल्टर काढला होता का?"

"हौद्याच्या वेल्डिंगला फिल्टर कशाला काढू?"

"मंग गाडीत बाहेरचा फिल्टर आला कुठून?"

तो बाहेर आला. चिंधीने हात पुसत माझ्याकडे बघत राहिला. "तू मला इचारून राह्यला का सांगून राह्यला?"

मी नजर टेम्पोच्या चाकाकडे वळवली. बोललो असतो तर बरं झालं असतं.

त्याने आरडाओरडा केला नाही. शटर ओढलं, कुलूप घातलं, टेम्पोवाल्याला उद्या ये म्हणून सांगितलं. "बस मागं. त्या म्याडमसमोरच सांगतो. त्या फिल्टरला हात लावला असंन तर हे शटर परत उघडणार न्हाई."

शहागड ते जालना मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून त्याच्या मानेकडे बघत होतो. चोर असता तर आला नसता, असं एकदा वाटायचं. लगेच वाटायचं, हुशार चोर असता तर नेमका असाच आला असता. माझ्यासारख्या माणसाला हा त्रास कायमचाच आहे.

मॅडमनी ट्रे पुन्हा पुढे केला. सर्ज्याने फिल्टर उचलला, उलटा केला, खिशातल्या चिंधीने मागची बाजू पुसली. "फिल्टर बाहेरचाच हाय, म्याडमचं बराबर हाय," तो म्हणाला. "पण हे काय लागलं इथं? जांभळं?"

फिल्टर बाहेरचा म्हणजे माझा ठिपका गेला, असं मी धरूनच चाललो होतो. बघायचे कष्टही घेतले नव्हते. जांभळी बाटली मी चाळीस हजाराच्या सर्व्हिसिंगच्या दिवशी याच शोरूमसमोरच्या दुकानातून घेतली होती. गाडी ताब्यात मिळाली आणि मी शोरूमच्या आवारातच ठिपके दिले होते.

मोबाइल काढला. सप्टेंबरचे फोटो सापडले. जांभळा ठिपका, मागे शोरूमची पिवळी भिंत, आणि ठिपक्याखाली हाच फिल्टर. छाप नसलेला.

म्हणजे फिल्टर शोरूमनेच लावला होता. आणि मी तो तेव्हाच, त्यांच्याच दारात, फोटोत धरला होता. त्या दिवशी मी ठिपका नीट उमटला का तेवढं बघितलं. फिल्टर बघितलाच नाही. शोरूमवर संशय घ्यावा हे डोक्यातच आलं नाही; तिथे काचेची दारं होती, थंडगार एसी होता, बिल छापून मिळत होतं. स्वतःच्या संशयी स्वभावाचा मला एवढा अभिमान, आणि तो वापरला कुठे, तर शहागडच्या पत्र्याच्या शेडवर.

मॅडमनी फोटो मोठा करून बघितला, तारीख बघितली, जॉबकार्डाशी ताडून बघितली. मग म्हणाल्या, "फोटो खरा वाटतो. पण मला हे वर पाठवायचं आहे आणि तिथे विचारतील. सर्व्हिसिंग झाल्या झाल्या आमच्या आवारात तुम्ही ठिपके का दिले? उद्या कुणी म्हणेल, तुम्हीच आमचा फिल्टर काढून हा लावला आणि पुरावा तयार केला. आमच्यावर संशय होता का तुमचा?"

"हो," मी म्हणालो. तेवढ्यात सुचलेलं खोटं.

"मग गाडी आमच्याकडे देण्याआधी खुणा केल्या असत्या. तुम्ही परत मिळाल्यावर केल्या. म्हणजे इथून गाडी पुढे ज्याच्याकडे जाणार होती, त्याच्यासाठी केल्या. कोणासाठी?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. सवय आहे, असं म्हणता आलं असतं, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नसत्या आणि दीड लाख माझ्या गळ्यात पडले असते. खरं सांगावं तर शेजारी सर्ज्या बसलेला, हातात तो फिल्टर अजून तसाच. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी दुसऱ्या कुणीतरी बोलावं याची मी वाट बघत होतो.

सर्ज्याने फिल्टर ट्रेमध्ये ठेवला. "म्याडम, लिहा. गाडी इथून निघाली की माझ्याकडं येती. दुसरं गॅरेज न्हाई त्याला. खुणा माझ्यासाठी हायेत." मग माझ्याकडे वळून विचारलं, "बराबर ना?"

मी मान हलवली.

"लिहा मंग. आन् साक्षीला माझी सही घ्या. गाडी माझ्याकडं दोन दिवस व्हती, फिल्टरला हात लावला न्हाई, असंबी लिहा."

त्याने सही केली. दहावीत करायचा तशीच, नावाखाली दोन रेघा मारून.

आठ दिवसांत मॅडमचा फोन आला. सर्व्हिसिंगच्या दिवशी स्टोअरमध्ये कंपनीचा फिल्टर शिल्लक नव्हता. कुणीतरी बाहेरचा आणून लावला आणि कार्डावर कंपनीचा लिहिला. चूक आमची, वॉरंटी मंजूर, असं त्यांनी सरळ सांगितलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी परत येताना मोटरसायकलवर सर्ज्याने एकच प्रश्न विचारला.

"कधीपासून चालूय हे?"

"गाडी घेतल्यापासून."

मी माफी मागितली. वाऱ्यात त्याला ऐकू आली की नाही, माहीत नाही. परत सांग, असं तो म्हणाला नाही.

मार्चमध्ये गाडी नव्या पंपासह परत आली. पहिल्या चावीला चालू होणारं इंजिन ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. रूपाली म्हणाली, "आता ग्रीसिंगला दुसरीकडं गेलात तर तुमच्यासारखा बेइमान माणूस न्हाई." म्हणून शहागडला गेलो.

सर्ज्या शेडच्या तोंडाशी आला, पण गाडी आत घे म्हणाला नाही. आत जाऊन त्याने फळीवरून काहीतरी आणलं आणि माझ्या हातात ठेवलं. नेलपॉलिशची नवी बाटली. लाल. वरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

"आधी ठिपके दे. मंग गाडी आत घेतो."

"सर्ज्या, नको रे. चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. पण त्याबिगर मी आता तुझ्या गाडीला हात लावणार न्हाई." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, आणि भांडून मोकळा तरी झालो असतो.

मी बोनेट उघडलं. बॅटरी, स्टार्टर, फिल्टर, एकेक करत सगळे ठिपके दिले. तो तोवर माझ्याकडे पाठ करून हायवेकडे तोंड करून उभा होता, कुठे कुठे खुणा केल्या ते आपल्याला दिसू नये म्हणून.

मी बाटली बंद केली आणि झालं म्हणालो. बोनेट पाडायला हात घातला तर त्याने पाठमोऱ्यानेच थांबवलं.

"वाळू दे बराबर. ओला पुसला गेला तर मंग तुला वाटंल, मीच पुसला."

मग आम्ही दोघं नेलपॉलिश वाळायची वाट बघत उभे राहिलो.