शिडीताई सरळ उभ्या राहतात

"सरळ उभ्या राहा," मेट्रनबाई म्हणाल्या.

"उभीच आहे की," शिडीताई म्हणाल्या.

"याला उभं राहणं म्हणतात? हरवलेली सुई शोधताय असं वाटतंय."

वर्गात हशा पिकला. शिडीताईही हसल्या, पण खांदे होते तिथंच राहिले. पुढे आलेले, आणि त्यांच्यामधून मान अशी काढलेली, की समोरच्याला वाटावं बाई काहीतरी कानात सांगायला येताहेत.

हा योगासनांचा वर्ग इस्पितळातल्या नोकरमाणसांसाठी होता. ड्यूटी सुटल्यावर, जिथं रोग्यांकडून व्यायाम करून घेतात त्या लांबट खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या बाई इथूनच मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. अंगानं गोल गरगरीत आणि उंचीनं बेताच्या. पहिल्या दिवशी 'ह्या काय शिकवणार' असं सगळ्यांच्याच मनात आलं होतं. पण बाईंनी बोलता बोलता, जणू पदर सावरावा इतक्या सहज, पाय उचलून मानेमागं टाकला तेव्हा अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकाकांचा वासलेला आ बराच वेळ मिटला नव्हता.

शिडीताई कपड्यांच्या कोठारात कामाला होत्या. धुऊन आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, रोग्यांचे झगे यांच्या घड्या घालून लावायच्या आणि मागणी येईल तसे वॉर्डात धाडायचे. कोठाराची फडताळं छतापर्यंत गेलेली. सगळ्यात वरच्या फळीला हात पोचायचा तो यांचाच, म्हणून नाव पडलं शिडी, आणि वयामुळं पुढं ताई लागलं. नावाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. शाळेत याहून वाईट नावं ऐकली होती. तक्रार होती ती उंचीबद्दलच.

बाराव्या-तेराव्या वर्षी त्या अशा काही वाढल्या की आईचा धीर सुटला. झग्याचा काठ उसवून खाली सोडावा तर पुढच्या महिन्यात तोही वर. "खांदे पाड जरा," आई म्हणायची. "मैत्रिणींच्या मागं उभी राहा. पुढं येऊ नकोस." लग्नाची बोलणी सुरू झाली आणि मुलगा घरी आला, तेव्हा आईनं त्यांना खुर्चीवरून उठूच दिलं नाही. पाणी आईनं आणलं, दारापर्यंत सोडायलाही आईच गेली. मुलगा शिंपी होता, हसरा होता आणि चांगला वीतभर बुटका होता. लग्न झालं. त्या दिवसापासून शिडीताईंनी मनाशी एकच गोष्ट पक्की केली, की आपल्यामुळं या भल्या माणसाला चारचौघांत मान वर करून बोलायची पाळी येऊ द्यायची नाही. त्या वाकल्या त्या वाकल्याच. संसार झाला, मुलगी शिकून नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तरी वाकणं काही सुटलं नाही.

मग एक दिवस चादरींचा गठ्ठा उचलताना पाठीत अशी कळ आली, की गठ्ठा आणि शिडीताई दोघांनीही जमीन गाठली. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, दाबून पाहिलं आणि म्हणाले, "गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी हे जायचं नाही. मेट्रनबाईंच्या वर्गाला जायला लागा."

घरी त्यांनी एवढंच सांगितलं, की पाठीला शेक घ्यायला थांबते. या वयात योगासनं करते म्हणायची त्यांना लाज वाटली.

गंमत म्हणजे अवघड अवघड आसनं त्यांना पटापट जमली. पुढे वाकायचं असलं की त्यांचे तळहात सरळ जमिनीला टेकायचे. बाकीचे गुडघ्यापाशी अडकलेले, आणि ड्रायव्हरकाका तर स्वतःच्या पोटावर अडकलेले.

"वाकण्यात तुम्ही पहिल्या नंबरानं पास," मेट्रनबाई म्हणाल्या.

"मला वाकायला शिकवायला नको हो. लहानपणापासूनचा सराव आहे."

"मग तो विषय आपण बंद करू. उठा आता."

आणि घोडं अडायचं ते इथंच. ताडासन. नुसतं दोन पायांवर सरळ उभं राहायचं. वर्गातले सगळे एव्हाना नीट उभे राहायला शिकले होते. शिडीताईंना मात्र बाईंनी भिंतीला पाठ लावून उभं केलं तर टाचा लागायच्या, कंबर लागायची, पण खांदे भिंतीपर्यंत यायचं नाव घेत नसत. बाईंनी दोन्ही खांदे धरून मागं नेले की शिडीताई श्वास धरून उभ्या राहत. बाईंनी हात काढला की खांदे पुन्हा पुढे.

एका संध्याकाळी बाकीचे शवासनात पडले होते. ड्रायव्हरकाका नेहमीप्रमाणे घोरत होते. मेट्रनबाई भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या शिडीताईंपाशी आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमची पाठ अडत नाही. मी हात लावून बघितलंय, ती आता छान सुटलीय. तुम्हीच धरून ठेवलीय तिला. सरळ झालात की कोण दिसतं?"

शिडीताई म्हणाल्या, "आई."

"रागावते?"

"नाही. घाबरते." असं म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. इतकी वर्षं त्या आईवर रागावून होत्या. आई गेली तेव्हाही तो राग आत कुठंतरी शाबूत होता. पण आता डोळ्यांसमोर आलेला चेहरा रागीट नव्हताच. ही पोर एवढी वाढली, हिला कोण करून घेईल, माझ्यामागं हिचं कसं होईल, या काळजीनं पांढरा पडलेला एका तरुण बाईचा चेहरा होता तो. आज शिडीताई होत्या त्याहून ती आई कितीतरी लहान होती.

"मग सांगून टाका तिला," मेट्रनबाई म्हणाल्या, "की मुलीचं लग्न झालं. नवरा बरा निघाला. नात नोकरीला लागली. आता कसली घाबरतेस?"

शिडीताईंना हसू फुटलं. आधी दाबलेलं, मग खळाळून, आणि हसता हसता डोळे भरून आले. छातीतला धरून ठेवलेला श्वास सगळा निघून गेला. आणि खांदे, कुणी हात न लावता, हळूच मागं जाऊन भिंतीला टेकले.

समोरच्या भिंतीत वर झरोक्यासारखी खिडकी होती. इतके दिवस त्यातून नुसतं आभाळ दिसायचं. आज त्यांना मागचं अंगण दिसलं आणि अंगणात दोऱ्यांवर वाळत घातलेल्या त्यांच्याच चादरी दिसल्या, वाऱ्यानं फुगलेल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरकाका दचकून उठले आणि विचारू लागले, "कुणाला न्यायचंय?"

पण वर्गात सरळ झालेल्या शिडीताई घरचं वळण आलं की पुन्हा वाकायच्या. नवऱ्याचं शिवणाचं दुकान वळणावरच होतं; त्यांना सगळे मास्तर म्हणत. यंत्रापाठीमागं बसलेले मास्तर काचेतून दिसले, की त्यांची मान आपोआप खाली जायची. असे काही आठवडे गेले. वर्गात एक बाई, गल्लीत दुसरी.

भांडं फोडलं ते कोटानं. कोठारात घालायचा पांढरा कोट मास्तरांनीच शिवलेला. कसलीच तक्रार नसलेला तो कोट आता अचानक बिनसला. पुढून वर उचलला जाऊ लागला, मागून लोंबू लागला. गळ्याशी आवळायचा. एका सुट्टीच्या दुपारी शिडीताई दुकानात गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा कोट धुऊन आटला वाटतं."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुढून आटला आणि मागून वाढला? असलं कापड मी तरी अजून बघितलं नाही. घाल बरं अंगात."

त्यांनी कोट घातला. मास्तर एकदा पुढून बघून गेले, एकदा मागून. मग शांतपणे म्हणाले, "शेक कसला घेतेस तू?"

शिडीताईंनी सगळं सांगून टाकलं. वर्ग, मेट्रनबाई, भिंत. शेवटी जीभ अडखळली. "मी सरळ उभी राहिले, की बरं वाटतं हो मला."

"मग राहा की. बघू तर दे."

त्या भीत भीत सरळ झाल्या. मास्तरांचं डोकं त्यांच्या खांद्याशी आलं.

"तुझे सगळे कपडे मी मागून लांब आणि पुढून आखूड कापत आलोय," मास्तर म्हणाले. "वाकलेल्या अंगाला तसंच कापावं लागतं, नाहीतर झोल पडतो. बोलून दाखवायचं नसतं, कापडात जिरवायचं असतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, शिंपी आहे मी. तू त्या दिवशी खुर्चीत बसली होतीस ना, तेव्हाच तुझे गुडघे बघितले आणि म्हटलं, ही उठली की आपली टोपी काढून घेईल."

"आणि तरी हो म्हणालात?"

"तरी काय? म्हणून तर हो म्हणालो."

शिडीताईंना हसावं की रडावं कळेना. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? मी तुमच्यासाठी वाकत होते."

"मला वाटलं, तुलाच उंची आवडत नाही. कशाला दुखवा." मास्तरांनी गळ्यातली टेप काढून उगीचच सरळ केली. मग खाली बघत म्हणाले, "खोटं कशाला बोलू, मलाही ते जरा सोयीचं होतं. बाहेर पडलो की बरं वाटायचं. तुला त्याचा त्रास होतोय हे पाठीत कळ येईपर्यंत मला कळलंच नाही बघ."

शिडीताईंनी कोट काढून त्यांच्या हातात दिला.

मास्तर माप घ्यायला आले. मानेपासून टेप लावायची म्हणून शिडीताई सवयीनं वाकू लागल्या.

"हलू नकोस," मास्तर म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, चपला काढल्या आणि वर चढले. मग नव्या गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं, सगळं माप पहिल्यापासून घेतलं.

नवा पोशाख तयार झाला त्या संध्याकाळी दोघं पायी फिरायला निघाले. कोपऱ्यावरच्या वाण्याला काही राहवलं नाही. "काय मास्तर, वहिनी उंच झाल्या का तुम्ही आखूड झालात?"

शिडीताईंचे खांदे पुन्हा पुढं येऊ लागले. पण मास्तरांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "कापड तेच आहे हो," ते म्हणाले. "घडी उलगडली इतकंच."

शिडीताईंची पावलं लांब पडत होती. मास्तरांना त्यांच्याबरोबर जवळजवळ धावावं लागत होतं. त्या थांबू लागल्या तर ते म्हणाले, "तू चाल. डॉक्टरांनी मलाही व्यायाम सांगितलाय."

घरी परतले तेव्हा शिडीताई पुढं होत्या, आणि कुठलीशी गोष्ट सांगत होत्या. गोष्टीच्या भरात ताठ मानेनं आत शिरल्या आणि चौकटीचं लाकूड खाडकन कपाळावर बसलं. इतकी वर्षं त्या याच दारातून ये-जा करत होत्या, पण ते ठेंगणं आहे हे आज पहिल्यांदा कळलं. मास्तर ओला फडका आणायला धावले. परत येऊन बघतात तर बाई उंबऱ्यावर बसून पोट धरून हसताहेत, आणि त्यांना बघून मग मास्तरही खाली बसले.

दुसऱ्या दिवशी शिडीताई कामावर गेल्या त्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊनच. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, नर्सनी विचारलं, ड्रायव्हरकाकांनी तर पट्टी बांधून देऊ का म्हणून विचारलं. त्या सगळ्यांना तेच सांगत होत्या, "घराच्या दाराची नि माझी काल ओळख झाली." केस पुढं ओढून ते टेंगूळ झाकावं, असं काही त्यांच्या मनात आलं नाही. मागच्या मोकळ्या जिन्यानं त्या कोठाराकडं चढत गेल्या, आणि खालच्या अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या बाया, हातातल्या चादरी तशाच धरून, मान वर करून बघत राहिल्या.