विलडीनच्या रिव्हॉल्व्हरची विक्रीपावती

माझी बायको विलडीन फेब्रुवारीत वारली आणि एप्रिलात मी तिचं रिव्हॉल्व्हर विकलं. मधल्या दोन महिन्यांबद्दल आधी सांगतो. पुढे जे झालं त्यात माझी घाई आहे आणि त्या घाईचं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

ती घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करणारी नर्स होती. बावीस वर्षं केंटकीच्या या डोंगरांत एकटी गाडी चालवत फिरली. म्हणून गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून तिने स्वतःच्या नावावर ते छोटं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. एकदाच झाडलं, सापावर, आणि साप निघून गेला. ती गेल्यावर ते तिच्या उशाजवळच्या खणात राहिलं. मी पलंगाच्या तिच्या बाजूला झोपायला लागलो होतो. हात लांब केला की खण. मार्चमध्ये तीन सकाळी मी तो खण उघडून बसलो. याहून जास्त सांगायचं नाही.

विलडीनची बहीण ओपल हिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असावं.

"आर्विल, ती वस्तू घराबाहेर काढ."

"काढतो."

"दुकानात ने. घेणाऱ्याचं नाव ते संगणकात घालून बघतात. त्याला मनाई असेल तर तिथेच कळतं. आपल्या डोक्याला ताप नाही."

"दुकान बंद पडून सहा वर्षं झाली, ओपल. दुसरं चाळीस मैलांवर आहे."

"मग? तुला कुठली गाडी पकडायचीय?"

मी गेलो नाही. जायला हवं होतं.

आमच्याकडे दोन माणसांनी आपसांत बंदूक विकली तर कायद्याने कागद लागत नाही. एकच अट आहे. घेणाऱ्याला बंदूक बाळगायची मनाई आहे हे ठाऊक असेल, किंवा तशी शंका यावी असं काही समोर दिसत असेल, तर विकायची नाही. ओपलने तीस वर्षं कोर्टाच्या कचेरीत काम केलेलं. ती एक छापील विक्रीपावती घेऊन आली.

"बंदुकीवरचा नंबर इथे. घेणाऱ्याच्या गाडीच्या लायसन्सचा नंबर इथे. 'मला मनाई नाही' आणि 'मी स्वतःसाठी घेत आहे', या दोन्हींपुढे त्याची खूण. दोघांच्या सह्या, दोन प्रती. उद्या त्या रिव्हॉल्व्हरने काही झालं तर पोलीस दुकानाच्या जुन्या वहीपासून सुरू करतात, आणि वहीत माझ्या बहिणीचं नाव आहे. तिच्यापुढे आणखी एक नाव लिहिलेलं असलं पाहिजे. कळलं?"

कळलं होतं. मेलेल्या बायकोचं नाव पोलिसांच्या फायलीत यावं असं कुणाला वाटेल?

गावच्या अग्निशमनाच्या शेडमागे शनिवारी पुरुष माणसं जमतात. बंदुका, कुत्री, बोटीची इंजिनं, सगळ्याची अदलाबदल चालते. हातात हात दिला की व्यवहार झाला. मी कागद काढला तेव्हा म्हातारा होबर्ट हसत सुटला.

"आर्विल, रिव्हॉल्व्हर विकतोयस की मुलगी देतोयस?"

"सही कर आणि घेऊन जा."

"माझ्या बापाने तुझ्या बापाला दोन रायफली विकल्या. दोघांनाही लिहिता येत नव्हतं. बघ, अजून चालतायत."

एकाने तर तोंडावर सांगितलं, माझ्या शब्दावर भरवसा नसेल तर ठेव तुझ्याकडेच. कागद मागणं म्हणजे माणसाला चोर म्हणणं, असं आमच्याकडे धरतात. रिव्हॉल्व्हर परत घरी आलं, खणात गेलं. रविवारी सकाळी मी पुन्हा तिथे बसलो होतो.

गुरुवारी दुपारी शेना टॅकेट आली. बरोबर तिचा भाऊ डॅरिन. गाडी तो चालवत होता. शेना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, तिशीची असेल. पडवीच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "मिस्टर कोम्ब्स, तुम्ही रिव्हॉल्व्हर विकताय असं कळलं. मला हवंय."

"कशाला गं?"

"एकटी राहते ना."

"कागद भरावा लागेल."

"भरते."

डॅरिन मागून म्हणाला, "भर की. म्हाताऱ्याला कागद आवडतो म्हणे." आणि हसला. वाईट हसला असं म्हणता येणार नाही. कुणीही हसेल तसा.

डॅरिनवर कोर्टाचा हुकूम होता. बायको क्रिस्टाच्या आसपास फिरकायचं नाही. असा हुकूम असला की बंदूक जवळ ठेवता येत नाही, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. हुकुमाची गोष्ट अख्ख्या खोऱ्याला माहीत होती. विलडीनला पुरून आलो त्या दिवशी माझ्याच स्वयंपाकघरात दोन बायका बटाट्याच्या भांड्यावर वाकून हळू आवाजात तेच बोलत होत्या. मी ऐकलं होतं. पण आपल्या पडवीत आलेल्या माणसाला त्याच्या कोर्टकचेरीचं विचारत नाहीत. आणि घेणारी तर शेना होती.

तिने दोन्ही प्रती भरल्या. अक्षर सुरेख, शाळेतल्यासारखं. 'मला मनाई नाही' यापुढे खूण केली. 'मी स्वतःसाठी घेत आहे' याच्यापाशी पेन थांबलं. तिने भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खूण केली.

बंदूक हातात द्यायची आमच्याकडे एक रीत आहे. ती उघडायची, आत गोळ्या नाहीत हे दाखवायचं, आणि ज्याची होणार त्याच्याच हातात द्यायची. तो स्वतः बघतो आणि मोठ्याने म्हणतो, "रिकामी." तो शब्द निघाला की ती त्याची. बाप मुलाला पहिली बंदूक देतो तेव्हाही हेच.

मी रिव्हॉल्व्हर उघडून शेनापुढे धरलं. तिने हात पुढे केलेच नाहीत. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवली. डॅरिनने तिच्या खांद्यावरून हात घातला, ते घेतलं, उजेडाकडे धरलं, गोळ्यांची चक्री अंगठ्याने फिरवली.

"रिकामी," तो म्हणाला.

मी ते ऐकलं. ते ऐकून काय समजायचं हे मला वयाच्या आठव्या वर्षापासून ठाऊक आहे. मी मान खाली घातली आणि कागदावरचे नंबर पुन्हा तपासले. सगळे बरोबर होते. मी सही केली.

ते गेल्यावर मी खण बाहेर काढून कोठीत ठेवून आलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. हेही सांगायला हवं.

बाराव्या दिवशी शेरीफचा डेप्युटी कोल्बी आला. याला लहानपणी गोवर झाला होता तेव्हा विलडीनने त्याचं केलं होतं. टोपी काढून पडवीत उभा राहिला, हातात एक कागद.

"काका, मला विलडीनमावशींना भेटायला सांगितलंय."

"टेकडीवर आहे. जा, भेट."

त्याचा चेहरा उतरला. "मला माहितीय हो. वरून आलेल्या कागदात जे नाव असतं त्याच्याकडे जावं लागतं."

मग त्याने सांगितलं. क्रिस्टा किराणा दुकानाच्या आवारात गाडीत पिशव्या ठेवत होती. डॅरिनने तीन गोळ्या झाडल्या. ती तिथेच गेली. तिथल्या माणसांनी त्याला खाली पाडून धरून ठेवलं. रिव्हॉल्व्हरच्या नंबरावरून माग निघाला तो बंद पडलेल्या दुकानाच्या वहीपर्यंत, आणि वहीत विलडीन.

मी आत जाऊन पावती आणली. कोल्बीने ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि खुर्चीत बसला.

"सुटलात, काका. देवासारखा कागद आहे हा. लोक नंबरसुद्धा लिहून ठेवत नाहीत. आता जबाबात दोन ओळी लिहायच्या. शेना टॅकेटला विकलं, संशय यावा असं काही दिसलं नाही. खाली सही. तुमचा आणि मावशींचा विषय संपला."

"आणि शेना काय म्हणते?"

"ती म्हणते स्वतःसाठीच घेतलं होतं, त्याने घरातून उचललं. तिचं ती बघेल."

त्याने पेन दिलं. मी पहिली ओळ लिहिली. ती खरी होती. दुसरीपाशी थांबलो.

"कोल्बी, 'रिकामी' कोण म्हणालं ते विचार."

तो याच खोऱ्यात वाढलेला. त्याला फोड करून सांगावं लागलं नाही. त्याने पावती परत माझ्यापुढे सरकवली.

"काका, मी काही ऐकलं नाही."

"ऐक. तो म्हणाला. तिने हात लावला नाही. मी बघत होतो."

"तुम्हाला कळतंय का काय बोलताय? तुम्हाला ठाऊक होतं असा अर्थ होतो याचा. खटला होईल. क्रिस्टाच्या घरचे भरपाई मागतील, घर जाईल. आणि शेना तर गेलीच."

"लिहू दे मला."

"वकील तरी आणा!"

"आणतो. पण लिहून झाल्यावर."

मी लिहिलं. हुकुमाची गोष्ट कुठे ऐकली होती तेही लिहिलं. अर्धं पान झालं.

ओपल महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव घेऊन आली आणि टेबलावर आपटून म्हणाली, "मी तुला कागद आणून दिला होता, मूर्खा. माझ्या बहिणीचं नाव आता वर्तमानपत्रात आहे."

"तुझ्या कागदात चूक नव्हती."

"मग चूक कुठे होती?"

मी म्हणालो, मला ती वस्तू घरात नको होती. इतकी नको होती की कोण नेतंय हे बघायचं नव्हतं. म्हणून मी कागदाकडे बघत बसलो. तिने ताटं मांडली. जेवण वाढलं. आम्ही जेवलो.

क्रिस्टाच्या अंत्यविधीला मी गेलो नव्हतो. कुठल्या तोंडाने जाणार?

ऑगस्टमध्ये कोर्टात तारीख होती. बाहेरच्या बाकावर शेना बसलेली, वाळलेली. माझा वकील म्हणाला होता तिच्याशी बोलू नका. पण बाक एकच होता.

शेवटी तीच म्हणाली, "तुमच्याकडे कागद होता. तुम्ही गप्प बसला असतात तर दोघेही सुटलो असतो."

"तू हात पुढे केले नाहीस, शेना. मी बघितलं होतं."

"मुद्दाम नाही केले."

मला समजलं नाही. मी तिच्याकडे बघितलं.

"तो तीन दिवस माझ्या घरात बसून होता. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. वाटलं, तुम्ही जुनी माणसं. तुमच्या लक्षात येईल, तुम्ही रिव्हॉल्व्हर मिटून म्हणाल, जा घरी. मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा होतं."

"हो," मी म्हणालो. "बघितलं होतंस."

शिपायाने दार उघडून तिचं नाव पुकारलं. ती उठली, फ्रॉक सारखा केला आणि आत गेली. नंतर माझं पुकारलं.