पुढे धावणारी

पालकांच्या संमतीचा कागद पुढे सरकवून संयोगिताने सहीची जागा बोटाने दाखवली. समोरच्या बाईने मान वळवली आणि कागद पार उजव्या डोळ्याजवळ नेला.

सांगलीच्या मैदानावर सकाळपासून मुलींच्या हॉकी संघाची निवड चाचणी चालू होती. संयोगिता निवड समितीवर होती. कोरेगावची ही मुलगी दहा वर्षे राज्याकडून खेळली, दोनदा भारताच्या शिबिरात गेली, खेळावरच रेल्वेत लागली. सुरुवात झाली ती सतराव्या वर्षी, सांगलीविरुद्धच्या अंतिम सामन्यातल्या एका गोलाने. शाळाशाळांतल्या कार्यक्रमांत ती तो गोल अजून रंगवून सांगायची.

"चष्मा विसरलात का?" तिने विचारले.

"चष्म्याचा उपयोग न्हाई, मॅडम. डावा डोळा काचेचा हाय."

"कशानं गेला?"

बाईने सावकाश आपल्या नावाची सही केली: ब्राह्मी. मग पेन खाली ठेवले.

"मला वाटलं, आतापतूर तुमाला कळलं असंल. तुमचाच चेंडू लागला हुता. त्या फायनलला."

संयोगिता आधी हसली. मग तिचे हसू चेहऱ्यावरच राहिले, ते कसे आवरायचे हे तिला समजेना. पेनल्टी कॉर्नर. तिने ताकदीने मारलेला चेंडू. गोलातून सरळ तिच्याच अंगावर धावत आलेली एक मुलगी. चेंडू कशाला तरी लागून वर उडाला आणि जाळीत गेला. मैत्रिणींनी तिला उचलून घेतले, तेव्हा गवतावर कुणीतरी तोंड झाकून बसले होते. "टाके पडलेत, बरी आहे," असे त्यांचे प्रशिक्षक हंबीरराव सर बसमध्ये म्हणाले होते. त्यानंतर कोरेगावपर्यंत ती गाढ झोपली होती.

"मला कुणी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. इतक्या वर्षांत घासूनपुसून घेतलेली तिची भाषा एकदम गावाकडची झाली.

"तुमचं सर दवाखान्यात आलते. पोरीला सांगू का, म्हनून त्यांनी इचारलं. मीच न्हाई म्हनलं."

"का?"

"तुमची राज्याच्या शिबिराला निवड झालती. तुमी खेळ सोडला असता." ब्राह्मीने सहीचा कागद परत सरकवला. "माझा तर बंद झालाच हुता. दोघींचा कशाला?"

संयोगिताने पाण्याची बाटली उचलली. टोपण तिच्याच्याने फिरेना. ब्राह्मीने बाटली हातातून घेतली, उघडली आणि परत दिली.

तेवढ्यात शिट्टी झाली. ब्राह्मीच्या मुलीचा, चंदनाचा गट गोलात उभा राहिला होता. पेनल्टी कॉर्नरला गोलातून धावत येऊन चेंडू अडवायचा होता, आणि सगळ्यात पुढे धावणारी चंदना होती. मारायचे काम संयोगिताचे.

ती आधी चंदनाजवळ गेली. तोंडावरचा मास्क तिने तपासला, पट्टा आवळला, पुन्हा आवळला.

"मॅडम, दुखतंय."

ती मागे आली. पहिला चेंडू तिने मारला तो गवतावरून रांगत गेला. चंदनाने तो चालत येऊन थांबवला. दुसराही तसाच. समितीतल्या धवल सरांनी वहीतून मान वर करून तिच्याकडे पाहिले.

"मॅडम, जोरात मारा!"

ब्राह्मी कुंपणाची जाळी धरून उभी होती. "अशानं माझ्या पोरीची परीक्षा हुईल व्हय?"

संयोगिताने स्टिकवरची पकड दोनदा बदलली. चंदना गुडघे वाकवून तयार होती, नजर चेंडूवर. चेंडू आला. चंदना सुटली. संयोगिताने सगळ्या ताकदीनिशी तो मारला आणि डोळे गच्च मिटले.

समोरून दुसऱ्या स्टिकवर चेंडू आदळल्याचा खणखणीत आवाज झाला. मुली ओरडल्या. कुंपणाच्या जाळीपाशी कुणीतरी टाळी वाजवली.

तरीही तिने डोळे लगेच उघडले नाहीत.